नाव डोंग, पण डोंगरावर राहतात म्याओ

चीनच्या ग्वीझोऊ प्रांतातले रील्स हल्ली खूप फिरतायत, धुक्यातली लाकडी घरं, निळे-काळे कपडे, चांदीने मढलेल्या मुली, आणि खाली सरसकट 'म्याओ गाव' लिहिलेलं (मांजराशी संबंध नाही, लोकांचं नाव आहे ते). कित्येकदा ते गाव डोंग लोकांचं असतं. गोंधळ होणारच म्हणा, दोघं शेजारी, आणि आग्नेय ग्वीझोऊचा स्वायत्त विभागसुद्धा १९५६ पासून दोघांच्या नावाने आहे.

पण तिकडे एक म्हण आहे, उंच डोंगरावर म्याओ, पाण्याकाठी डोंग. आपल्याला लक्षात ठेवायला उलटं सोप्पं, नाव डोंग पण डोंगरावर नाही!

म्याओंचं सगळ्यात प्रसिद्ध गाव शीच्यांग, लेइशान तालुक्यात, हजाराच्या वर घरं आणि सगळी उतारावर एकावर एक चढलेली. घराचा मागचा भाग डोंगरावर टेकलेला आणि पुढचा लाकडी खांबांवर अधांतरी, सपाट जमीन मुळातच कमी म्हणून ही आयडिया. खाली जनावरं, मधे माणसं, वर धान्य. मधल्या मजल्यावर बाहेर झुकलेला कठडा असलेला बाक असतो, तिथे बसून बायका भरतकाम करतात, आणि त्या भरतकामात फुलपाखरू हमखास सापडणार, कारण त्यांच्या कथेत सगळ्यांची मूळ आई म्हणजे मेपलच्या झाडातून जन्मलेलं फुलपाखरू, तिने बारा अंडी घातली आणि त्यातल्या एकातून माणूस आला.

आता डोंगांचं चाओशिंग बघा, लिपिंग तालुक्यात. दोन बाजूंना डोंगर, गाव मात्र खाली ओढ्याकाठी, आणि छपरांच्या वर उठलेले पाच मनोरे. हे ढोलाचे मनोरे हीच डोंगांची खरी खूण. फर झाडाचं लाकूड, एक खिळा नाही, नुसते सांधे एकमेकांत अडकवलेले, बाहेरून एकावर एक छपरं आणि ती नेहमी विषम संख्येत. एकेका कुळाचा एकेक मनोरा, पूर्वी वर टांगलेला ढोल वाजला की माणसं गोळा व्हायची. आत मधोमध शेकोटीची जागा आणि भोवती बाक, त्यावर म्हातारे लोक तासन् तास गप्पा मारत बसलेले, थोडक्यात गावचा पार, फक्त छप्पर घातलेला.

गाणंही इथलं वेगळं. डोंगांचं समूहगान, अनेक सूर एकाच वेळी, वाद्य नाही की हातवारे करणारा कंडक्टर नाही, काही गाण्यांत तर रातकिड्यांसारखा किर्र आवाज काढतात. २००९ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं. भाषाही थायच्या नात्यातली, म्याओंची तशी नाही.

कपड्यांवरून मात्र ओळखायला जाऊ नका, फसाल. नीळ दोघांची, चांदी दोघांची, लुशेंग नावाचं बांबूचं वाद्यही दोघांचं. हां, डोक्यावर म्हशीच्या शिंगांएवढी चांदीची शिंगं दिसली तर बिनधास्त म्याओ म्हणा. छपराच्या पुलावरूनही नको, कारण तो मूळ डोंगांचा असला तरी शीच्यांगमध्येही टुरिस्टांसाठी तसे पूल आहेत.

आंबट दोघांनाही प्रिय, पण म्याओंचा मासा आंबवलेल्या रश्श्यात उकळत ताटात येतो आणि डोंगांचा मिरची नि चिकट भाताबरोबर बरणीत मुरत पडलेला असतो, आपल्या लोणच्यासारखा.