शौच तपासणी : डबी देण्याआधी हे वाचा

आंव पडते, मुरडा येतो, म्हणून डॉक्टर ‘स्टूल रूटीन’ लिहून देतात. डबी आमच्याकडून न्या, पैसे नाहीत. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन आणू नका. (आणतात लोक!)

मोठ्या आतड्यातला अमिबा शोधायचा तर सगळा खेळ वेळेचा. जिवंत अमिबा सूक्ष्मदर्शकाखाली सरकताना दिसतो. आधी एक पारदर्शक फुगा पुढे काढतो, मग बाकीचं अंग त्यात ओतल्यासारखं सरकतं. त्याने रक्तातल्या लाल पेशी गिळलेल्या दिसल्या, तर तो आजार करणाऱ्या हिस्टोलिटिका जातीचाच समजायचा. पण बाहेर पडल्यावर तो लवकर मरतो. पातळ जुलाबाचा नमुना अर्ध्या तासात काचेवर यावा लागतो, म्हणून तो शक्यतो इथेच द्या. नागपूरच्या मे महिन्यात तर डबी गाडीच्या डिक्कीत ठेवून बाजारहाट करत येऊच नका. बांधून झालेल्या शौचाला एवढी घाई नसते. त्यात सिस्ट, म्हणजे अमिबाची कवचातली निद्रिस्त रूपं असतात, आणि त्या चिवट.

नमुना कोरड्या भांड्यात धरा, लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. आंव वा रक्त असलेला भाग आधी उचला. शक्यतो गोळ्या सुरू करण्याआधीच नमुना द्या; आधीच घेतल्या असतील तर सांगा.

‘काही आढळलं नाही’ असा एकच रिपोर्ट पुरेसा नाही, कारण अमिबा रोज सारखा पडत नाही. दहा दिवसांत, दिवसाआड तीन नमुने लागतात. तिप्पट पैसे काढायला सांगतो असं काहींना वाटतं. तसं नाही, पहिल्यातच सापडला तर पुढचे दोन आणूच नका.

उलट, सिस्ट दिसली म्हणजे आजारच, असंही नाही. हिस्टोलिटिका आणि अमिबाचीच दुसरी, निरुपद्रवी जात डिस्पार यांच्या सिस्ट हुबेहूब सारख्या. फरक अँटिजेन (अमिबाची प्रथिनं शोधणाऱ्या) किंवा पीसीआर (त्याचा डीएनए शोधणाऱ्या) तपासणीत कळतो. म्हणून आम्ही रिपोर्टवर दोन्ही नावं लिहितो, ती पळवाट नव्हे.

मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज सुटते तेव्हा शौचात बहुधा काही मिळत नाही. मादी जंत रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते. सकाळी धुण्याआधी तिथे पारदर्शक सेलोटेप दाबून काचपट्टीवर चिकटवा. काचपट्टी आम्ही देतो.

दुर्बिणीने आतडं बघायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील. मात्र आतड्याच्या सुजेवर स्टेरॉइड सुरू होणार असेल, तर अमिबा नाही ना, हे आधी तपासून घेतलंय का, एवढं त्यांना विचाराच. अमिबा असताना स्टेरॉइड दिलं तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

रविवारी नमुने दुपारी बारापर्यंतच घेतो.