शितं किती आणि पातेली किती?

कोजागरीला गच्चीवर मसाला दुधाचे पेले फिरत होते. नौपाड्यातल्या आमच्या शेजाऱ्यांनी माझ्या भाचीला विचारलं, "पीएच.डी. कशात करतेस?" शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी पाड्यांवर गरोदर बायका आणि बाळंतिणींचे गट महिन्याला जमले, तर बाळं वाचतात का आणि ते मोजायचं कसं, असं तिने सांगितलं. "म्हणजे बायकांना गोल बसवून गप्पा मारायच्या. यात विज्ञान कुठे आलं?" शेजारी निवृत्त इंजिनिअर आहेत. भाची हसली आणि पेल्यातली चारोळी शोधू लागली. मला मात्र राहवेना.

विज्ञान गप्पांत नसेल कदाचित, पण मोजण्यात भरपूर आहे. बोलिव्हियाच्या डोंगरात इंकिसिवी नावाचा प्रांत आहे, आयमारा आणि केचुआ लोकांचा. १९९० च्या दशकात तिथे बायकांचे गट झाले. उपक्रमाचं नावच 'वार्मी', म्हणजे बाई. जन्माच्या आसपासचे बालमृत्यू हजार जन्मांमागे ११७ वरून ४४ वर आले. आकडा डोळे दिपवणारा, पण एक खोट आहे. गट नसलेली गावं तुलनेला नव्हती. मृत्यू गटांमुळेच घटले, की त्या वर्षांत दुसरंच काही बदललं होतं? या आकड्यावरून सांगता येत नाही.

मग औषधाच्या चाचणीसारखं करावं का? चिठ्ठ्या टाकायच्या, अर्ध्या बायकांना गटात घ्यायचं, अर्ध्यांना नाही. इथेच घोडं अडतं. गट म्हणजे गोळी नव्हे. बैठकीतून उठलेली सून घरी जाऊन सासूला सांगते आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट पाणवठ्यावर पोचते. म्हणून चिठ्ठी बाईच्या नावाची काढून चालत नाही, अख्ख्या गावाची काढावी लागते. आणि गावाची चिठ्ठी काढली की गणित बदलतं. हे गणित मला फार आवडतं, त्यामुळे पुढचे दोन परिच्छेद सोसा.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. एक शित दाबलं की पातेलं कळतं, कारण एका पातेल्यातली शितं सारखीच शिजतात. तोच गुण इथे नडतो. एका पातेल्यातली हजार शितं दाबलीत, तरी तपासलंत एकच पातेलं. पाड्यावरच्या बाळांचं तसंच असतं. विहीर एक, सुईण एक, दवाखान्याकडे जाणारा रस्ता एक. त्यांचं नशीब थोडं थोडं एकमेकांत गुंतलेलं असतं. हा गुंता किती, ते शून्य ते एकमधल्या एका आकड्याने सांगतात. त्याला म्हणतात 'रो'.

आता पेन घ्या. गावातल्या जन्मांच्या संख्येतून एक वजा करा, रोने गुणा, त्यात एक मिळवा. आलेल्या आकड्याने एकूण जन्मांना भागा, म्हणजे नोंदींचं खरं वजन कळतं: त्या किती सुट्या, एकमेकांत न गुंतलेल्या जन्मांइतक्या भरतात ते. समजा २० गावं, प्रत्येकी १०० जन्म. रो फक्त ०.०१ धरला, तरी २००० जन्मांचं वजन साधारण १००५ भरतं. रो ०.०५ असेल तर जेमतेम ३३६. त्याहून मजा म्हणजे, रो ०.०५ असताना एकाच गावात लाखभर जन्म नोंदवले, तरी त्या गावाचं वजन विसाच्या पुढे जात नाही. जास्त शितं दाबून उपयोग नाही, पातेली वाढवा. (इथे आमच्या सौ.नी कागद खाली ठेवला.)

झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासीबहुल भागांत 'एकजुट' संस्थेने २००५ ते २००८ मध्ये हेच केलं. पातेली ३६, त्यातल्या १८ मध्ये गट. जन्म १९,००० हून जास्त. २८ दिवसांच्या आतले मृत्यू गटांच्या भागात ३२ टक्के कमी भरले, शेवटच्या दोन वर्षांत तर ४५ टक्के. गंमत अशी की बायका दवाखान्यात फारशा जास्त जाऊ लागल्या नव्हत्या. बाळंतपण करणारीने हात धुणं, नाळ बांधायला उकळलेला दोरा, बाळाला फक्त अंगावरचं दूध, असे बदल घरातच झाले होते. चित्रं आणि गोष्टींमधून अडचण बायकांनीच शोधली, उपायही त्यांनीच ठरवला.

पाचवीला सटवाई कपाळी नशीब लिहून जाते म्हणतात. ते उकळलेल्या दोऱ्याने बदलत असेल, तर लिखाण फारच कच्चं म्हणायचं. पण पाड्यावर सटवाईसाठी रात्रभर तेवणाऱ्या दिव्याला हसणारे आमच्या सोसायटीतले लोक ज्योतिषाला विचारून सिझेरियनची वेळ ठरवतात. दिव्यापाशी निदान कोणीतरी बाळाजवळ जागं असतं.

आता दुसऱ्या बाजूचंही. मुंबईत ४८ झोपडवस्त्यांमध्ये अशीच चाचणी झाली, निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि गटांमुळे बाळांचे मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. तेव्हा 'गट करा, बाळ वाचवा' अशी घोषणा भिंतीवर रंगवायची घाई नको. २०१३ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या सात चाचण्या एकत्र तपासल्या. जिथे गरोदर बायकांपैकी निदान ३० टक्के गटात येत होत्या, तिथे नवजात मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी होते. गोळी नसली, तरी मात्रा लागतेच.

भाचीची डोकेदुखी याहून घरगुती आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुरबाडच्या गटात सहा महिने बसलेली सून बाळंत होते शहापूरला, गट नसलेल्या पाड्यावर. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत. शितं या पातेल्यातून त्या पातेल्यात उड्या मारतात. नियम असा की चिठ्ठी निघाली तेव्हा बाई ज्या गावची, त्याच गावात तिची मोजणी. त्याने खरा परिणाम थोडा फिका दिसतो, पण सोयीची शितं निवडून घेता येत नाहीत.

शेजाऱ्यांना हे सगळं परवा जिन्यात ऐकवलं. त्यांनी एकच विचारलं, "मग माहेरी गेलेली शोधायची कशी?" आता भाचीच्या नोंदवहीत दोन रकाने वाढलेत: माहेर कुठलं आणि भट्टी कुठली.