टूथपेस्टने काचेवरचे ओरखडे जात नाहीत
गाडीच्या पुढच्या काचेवर टूथपेस्ट चोळली की बारीक ओरखडे जातात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. जात नाहीत. साध्या पांढऱ्या पेस्टमधलं कॅल्शियम कार्बोनेट कठीणपणाच्या मोहस मापनात जेमतेम 3, काच साधारण 5.5; ते काचेला झिजवणार कसं? पेस्ट चरीत भरून बसते, म्हणून ओरखडा लपतो. पहिल्या पावसात ती धुऊन गेली की पुन्हा हजर!

काम करते ती सिरियम ऑक्साइडची, म्हणजे काच पॉलिश करायची पूड: पाण्यात कालवून, फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) पॅडने, काच सतत ओली ठेवून. तेही ओरखड्यात नख अडकत नसेल तरच. खोल चरा घासत बसलात तर तिथे खळगा पडतो आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड वेडावाकडा दिसतो. चरा ड्रायव्हरच्या नजरेसमोरच असेल तर सरळ काच बदला.