साप्ताहिक चलन-अंदाजाची पार्श्वभूमी : बाजार बंद असताना ठरलेले भाव

शुक्रवारी न्यू यॉर्कमध्ये संध्याकाळचे पाच वाजले की परकीय चलनाचा बाजार मिटतो. आपल्याकडे तेव्हा शनिवारची पहाट असते. अमेरिकेत उन्हाळी वेळ असेल तर अडीच, एरवी साडेतीन. तो पुन्हा उघडतो सोमवारी पहाटे, त्याच सुमाराला. मधल्या दोन दिवसांत लिहिला जातो तो साप्ताहिक अंदाज. युरो-डॉलर, डॉलर-येन, पाउंड-डॉलर या जोड्या पुढच्या पाच दिवसांत कुठे जातील, हा त्याचा वरवरचा विषय. जाणता वाचक मात्र त्यात आधी वेळापत्रक शोधतो, आणि त्याहून आधी हे पाहतो की दार बंद असताना काय ठरू शकतं. या सवयीला मोठा इतिहास आहे.

दर सरकारने बांधून दिलेले होते त्या काळात अवमूल्यन जवळपास नेहमी सुटीच्या दिवशीच व्हायचं. कारण साधं आहे. बुधवारी दुपारी बातमी फुटली तर जो तो जुन्या भावाने ते चलन मध्यवर्ती बँकेच्या गळ्यात मारून डॉलर उचलणार आणि गंगाजळी संध्याकाळपर्यंत रिकामी होणार. म्हणून ब्रिटनने पाउंड 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणला तो रविवारी, 18 सप्टेंबर 1949 रोजी. रुपया तेव्हा पाउंडला बांधलेला होता, त्यामुळे पाठोपाठ त्याचंही तेवढंच, म्हणजे साडेतीस टक्के अवमूल्यन झालं. पाउंडचं पुढचं अवमूल्यन, 2.80 वरून 2.40, हे 18 नोव्हेंबर 1967 च्या शनिवारी. त्याच्या आधी रुपया 4.76 वरून साडेसात रुपये डॉलरवर गेला तो 6 जून 1966 ला, सोमवारी. घोषणा आदल्या रात्री, रविवारी झाली होती.

पण या सगळ्यात बघण्यासारखा रविवार आहे 15 ऑगस्ट 1971 चा. 1944 च्या ब्रेटन वुड्स करारानुसार 35 डॉलरला एक औंस सोनं देण्याची अमेरिकेची हमी होती आणि इतर चलनं डॉलरभोवती एक टक्का वर-खाली अशा पट्ट्यात बांधलेली होती. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर ती हमी काढून घेतली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये रात्रीचे नऊ वाजले होते. टोकियोत सोमवारी सकाळचे दहा, म्हणजे तिथला बाजार सुरू झालेला! युरोपातल्या बाजारांना उघडायला अवकाश होता. त्यांनी आठवडाभर दार लावूनच घेतलं. टोकियोने ते उघडं ठेवलं, आणि 28 ऑगस्टला येन तरता सोडेपर्यंत, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोडेपर्यंत, बँक ऑफ जपान 360 येनच्या जुन्या भावाने डॉलर घेत राहिली. डिसेंबरातल्या नव्या करारात येन 308 वर बांधला गेला. म्हणजे ते दोन आठवडे विकत घेतलेला प्रत्येक डॉलर सुमारे साडेचौदा टक्के तोट्यात गेला. सोमवारी सर्वांत आधी उघडणारा बाजार वीकेंडची सगळी बातमी एकटा अंगावर घेतो, हे तेव्हापासून डीलर मंडळींच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

डिसेंबरचा तो करारही टिकला नाही. मार्च 1973 मध्ये युरोपचे अधिकृत बाजार दोन आठवड्यांहून जास्त बंद राहिले आणि 19 तारखेला उघडले ते तरत्या दरांनीच.

दर तरते झाल्यावर सुटीच्या घोषणा थांबायला हव्या होत्या. तसं झालं नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष व्होल्कर यांनी व्याजदराऐवजी पैशाचा पुरवठा आवळण्याचं धोरण जाहीर केलं तो शनिवार होता, 6 ऑक्टोबर 1979. न्यू यॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं तो 22 सप्टेंबर 1985 चा रविवार. येन तेव्हा 240 च्या आसपास होता, वर्षअखेर 200 वर आला. डॉलरची घसरण आता पुरे असं म्हणणारा लूव्रचा करार 22 फेब्रुवारी 1987 चा, तोही रविवारच. युरोपातल्या चलनांचे दर एकमेकांना बांधणाऱ्या व्यवस्थेत 13 सप्टेंबर 1992 च्या रविवारी इटालियन लिरा सुमारे सात टक्क्यांनी उतरवला गेला. तीनच दिवसांनी, बुधवारी, ब्रिटनने व्याजदर दहावरून बारा केला, मग पंधराची घोषणा केली आणि संध्याकाळी पाउंड त्या व्यवस्थेतून बाहेर काढला. आदल्या रविवारची चाल ज्यांनी नीट वाचली होती, त्यांना पुढचा कमजोर दुवा कोणता हे दिसत होतं.

आता सुटीचा धोका बहुतेकदा निवडणुका आणि बँका घेऊन येतात. अडचणीतल्या क्रेडिट स्विस बँकेच्या विक्रीचा सौदा 19 मार्च 2023 च्या रविवारी झाला. फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीची पहिली फेरी 23 एप्रिल 2017 ला, तीही रविवारी झाली. शुक्रवारी 1.07 डॉलरच्या थोडा वर बंद झालेला युरो उघडतानाच एका सेंटाहून जास्त उडी मारून आला. याला गॅप म्हणतात, आणि नवखा माणूस इथेच फसतो. समजा कोणी 1.0730 ला एक लाख युरो विकून बसला आहे आणि 1.0770 ला स्टॉप लॉस लावला आहे. हिशोबाने तोटा 40 पिप (एक पिप म्हणजे भावातला 0.0001), म्हणजे 400 डॉलर. पण बाजार 1.0880 ला उघडला तर स्टॉप तिथेच सुटतो आणि तोटा 1500 डॉलर होतो. स्टॉप लॉस म्हणजे ठरावीक भावाची हमी नव्हे. तो भाव ओलांडल्यावर मिळेल त्या पहिल्या भावाला सौदा काप, एवढाच तो हुकूम असतो. म्हणून अंदाजात ‘रविवारी मतदान’ अशी ओळ असेल तर स्टॉप जवळ आणून उपयोग नसतो, लॉट, म्हणजे सौद्याचा आकार, लहान करावा लागतो.

गॅपला रविवारच लागतो असंही नाही. स्विस नॅशनल बँकेने 6 सप्टेंबर 2011 पासून एका युरोला किमान 1.20 फ्रँक हा तळ राखला होता. गुरुवार, 15 जानेवारी 2015 रोजी झुरिकमध्ये सकाळी साडेदहाला तो काढून घेतला. काही मिनिटं भावच मिळेना, आणि मिळाला तो एकाच्या खाली. मार्जिनच्या, म्हणजे ब्रोकरकडे ठेवलेल्या अनामत रकमेच्या, कित्येक पट तोटे झाले, काही ब्रोकर बुडाले. त्या आठवड्याच्या वेळापत्रकात या निर्णयाची नोंद असणं शक्यच नव्हतं.

मुख्य जोड्या याच का, हाही प्रश्न बरेचदा येतो. 2022 च्या एप्रिलमध्ये बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सने (मध्यवर्ती बँकांच्या बँकेने) केलेल्या मोजणीत रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर होती आणि 88 टक्के सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. युरो-डॉलर, डॉलर-येन आणि पाउंड-डॉलर या तिघांतच सुमारे 46 टक्के सौदे होते. (2025 च्या मोजणीत रोजचा आकडा 9.6 लाख कोटींवर गेला.) भाव लिहिण्याची दिशाही इतिहासानेच ठरवली. 1971 पर्यंत पाउंडाचे 20 शिलिंग आणि शिलिंगाचे 12 पेन्स; एका डॉलरला किती पाउंड हे लिहिणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून एका पाउंडला किती डॉलर असंच लिहीत आणि आजही लिहितात. या जोडीला डीलर ‘केबल’ म्हणतात ते अटलांटिकच्या तळाशी 1866 मध्ये टिकाऊपणे टाकलेल्या तारेमुळे. जर्मन मार्क मात्र एका डॉलरला किती, असा लिहिला जाई. 4 जानेवारी 1999 ला युरोचे सौदे सुरू झाले ते पाउंडाच्या पद्धतीने, आणि डॉलर-मार्कवर हात बसलेल्यांना खरेदी-विक्रीची दिशा उलटी करून घ्यावी लागली.

अंदाजातला सगळ्यात मोठा बदल झाला तो ‘या आठवड्यातला महत्त्वाचा आकडा’ या रकान्यात. व्होल्कर यांच्या काळात दर आठवड्याला येणारा पैशाच्या पुरवठ्याचा आकडा राजा होता. आज तो कोणी बघतही नाही. ऐंशीच्या मध्यानंतर ती जागा अमेरिकेच्या व्यापार तुटीने घेतली. 14 ऑक्टोबर 1987 च्या तुटीच्या आकड्याने डॉलर घसरला आणि पुढच्या सोमवारी शेअर बाजार कोसळला. फेडरल रिझर्व्ह तर 4 फेब्रुवारी 1994 पर्यंत आपला निर्णय त्याच दिवशी सांगतच नसे. बाजाराला तो न्यू यॉर्क फेडच्या रोख्यांच्या खरेदी-विक्रीवरून ताडावा लागे. नंतर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारचा रोजगाराचा आकडा पुढे आला. 2022 मध्ये महागाईने त्यालाही मागे टाकलं. 13 जुलैला अमेरिकेची महागाई 9.1 टक्के निघाली आणि त्याच दिवशी युरो वीस वर्षांत पहिल्यांदा एका डॉलरच्या खाली घसरला. जुना साचा घेऊन लिहिलेला अंदाज चुकतो तो बहुधा इथेच. आकडा बरोबर ओळखलेला असतो, पण मध्यवर्ती बँकेची नजर दुसऱ्याच आकड्यावर गेलेली असते.

अंदाजातला ‘अपेक्षित पट्टा’ ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क देणाऱ्या कराराच्या, भावातून येतो. एका आठवड्याच्या युरो-डॉलर ऑप्शनमध्ये वार्षिक चढउतार 8 टक्के धरलेला आहे असं समजा. वर्षाचे आठवडे 52, त्याचं वर्गमूळ 7.2. आठाला 7.2 ने भागलं की 1.1 टक्के. भाव 1.1000 असेल तर पट्टा दोन्हीकडे सुमारे 122 पिप, म्हणजे 1.0878 ते 1.1122. तीनपैकी साधारण दोन आठवडे शेवटचा भाव या पट्ट्यात राहावा, एवढाच त्याचा अर्थ. पट्ट्याच्या कडेला भिंत समजून तिथे विक्री लावणारे खूप आहेत.

सट्टेबाज कुठल्या बाजूला आहेत हे सांगणारा तक्ता अमेरिकेच्या कमोडिटी फ्यूचर्स आयोगाचा. चलनांचे वायदे शिकागोत 16 मे 1972 ला सुरू झाले, हा अहवाल दर आठवड्याला येऊ लागला तो 2000 पासून. तो शुक्रवारी निघतो, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर एक किंवा दोनला, पण आतला आकडा मंगळवारचा असतो. स्विस धक्क्यानंतर दुसऱ्याच दिवशी आलेल्या अहवालात सट्टेबाज फ्रँक विकून बसलेले दिसत होते. तो हिशोब 13 जानेवारीचा होता. गुरुवारनंतर त्यातलं किती उरलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

चार्टचं एक दुखणं फार लोकांना उशिरा कळतं. ब्रोकरचं घड्याळ ग्रीनिच वेळेवर असेल तर रविवारचे दोन-तीन तास वेगळी कँडल (चार्टवर एका दिवसाचे भाव दाखवणारी पट्टी) बनून येतात आणि आठवड्यात पाचऐवजी सहा दैनिक कँडल होतात. मग पाच दिवसांची सरासरी प्रत्यक्षात चार दिवस आणि एका तुकड्याची निघते, सोमवारचा पिव्होटही (आदल्या दिवसाच्या भावांवरून काढलेली मध्यपातळी) त्या इवल्याशा रविवारावर काढला जातो. न्यू यॉर्कच्या पाचला दिवस संपवणारा चार्ट घ्यावा. मार्चचा दुसरा ते शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा ते नोव्हेंबरचा पहिला रविवार, या काळात अमेरिका आणि युरोपची घड्याळं नेहमीपेक्षा एका तासाने जवळ येतात. अंदाजातल्या भारतीय वेळा या दिवसांत हमखास चुकलेल्या सापडतात.

जपानच्या सुट्यांची ओळही वाचायची सोडू नये. 29 एप्रिल 2024 ला टोकियो बंद होतं, सौदे विरळ होते, आणि डॉलर 160 येनला टेकून काही तासांत 155 च्या खाली आला. 26 एप्रिल ते 29 मे या काळात जपानने येन सावरायला सुमारे 9.8 लाख कोटी येन खर्च केल्याचं नंतर अधिकृत आकड्यातून दिसलं.

आपल्याकडच्या वाचकाला हे अंदाज जसेच्या तसे लागू होत नाहीत. रुपयाचा दर बाजारावर सोडला गेला तो मार्च 1993 पासून. डॉलर-रुपयाचे वायदे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर 29 ऑगस्ट 2008 ला एक हजार डॉलरच्या लॉटने आले, आणि युरो-डॉलर, पाउंड-डॉलर, डॉलर-येन या जोड्या 2018 मध्ये. परदेशी ब्रोकरकडे मार्जिन पाठवून हेच सौदे करायला फेमा या परकीय चलन कायद्याखाली परवानगी नाही, परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या उदारीकृत प्रेषण योजनेतूनही नाही. रिझर्व्ह बँक सप्टेंबर 2022 पासून अशा बेकायदा प्लॅटफॉर्मची सावधानतेची यादी काढते. जानेवारी 2024 च्या परिपत्रकाने तर रुपयाच्या वायद्यांमागेही खरी देणी-घेणी असायला हवीत हे स्पष्ट केलं. मे महिन्यापासून ते लागू झालं आणि एक्स्चेंजवरची उलाढाल बरीच आटली.

शिवाय वेळेचा प्रश्न राहतोच. एक्स्चेंजवर रुपयाच्या जोड्या संध्याकाळी पाचला आणि डॉलर-येनसारख्या जोड्या साडेसातला बंद होतात. अमेरिकेचा रोजगाराचा आकडा उन्हाळ्यात सहाला येतो, तेव्हा दीड तास हाताशी असतो. हिवाळ्यात सातला येतो, तेव्हा अर्धा तास. फेडचा निर्णय रात्री साडेअकराला किंवा साडेबाराला. न्यू यॉर्कच्या डीलरला गॅप आठवड्यातून एकदा भेटतो, मुंबईच्या हेजरला, म्हणजे चलनाचा धोका झाकणाऱ्याला, तो रोज सकाळी नऊला भेटू शकतो.