मुदत संपून सुटणे आणि मुदतीआधी सुटणे : हवाई दलातील वैमानिकापुढचे दोन वेगळे निर्णय

भारतीय हवाई दलातून एअरलाइनकडे वळणारे वैमानिक दोन वाटांनी बाहेर पडतात. बाहेरून त्या सारख्याच दिसत असल्याने एका वाटेवरच्याचा सल्ला दुसऱ्याला सर्रास दिला जातो आणि त्यातून होणारे नुकसान आयुष्यभराचे असते.

पहिली वाट शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारी-नेमणुकीची. उड्डाण शाखेत तिची मुदत १४ वर्षांची असते. ती पूर्ण झाली की अधिकारी साधारण पस्तिशी ओलांडून सेवामुक्त होतो. त्याला पेन्शन नसते, ग्रॅच्युइटी मिळते आणि माजी सैनिकाचा दर्जाही राहतो. या अधिकाऱ्यापुढे ‘सोडू की नको’ हा प्रश्न नसतोच. सुटण्याचा दिवस आधीपासून ठाऊक असल्याने तयारी कधी सुरू करायची, एवढेच त्याला ठरवायचे असते.

दुसरी वाट पर्मनंट कमिशनची, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या नेमणुकीची. खडकवासल्याच्या एनडीएतून आणि पुढे दुंडिगलच्या अकादमीतून विशीच्या सुरुवातीलाच कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याला मुदतपूर्व निवृत्तीसाठी अर्ज करावा लागतो. तो मंजूर होईलच असे नाही, कारण वैमानिकांची उपलब्ध संख्या आणि सेवेची गरज पाहून वरिष्ठ निर्णय घेतात. महागडे प्रशिक्षण घेताना दिलेले, ठरावीक काळ सेवा करण्याचे हमीपत्रही आड येऊ शकते. हवाई दलात दाखल झालेल्या व्यक्तीला मनात येईल तेव्हा सेवा सोडण्याचा बिनशर्त अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका वायुसैनिकाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे अर्ज मंजूर होण्याआधीच एअरलाइनला रुजू होण्याची तारीख कळवणे धोक्याचे आहे.

पर्मनंट कमिशनवाल्यासाठी खरी सीमारेषा २० वर्षांची आहे, कारण अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी सर्वसाधारणपणे तेवढी पात्र सेवा लागते. सेवेच्या सोळाव्या किंवा सतराव्या वर्षी स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्याचे पेन्शन तर जातेच, शिवाय माजी सैनिकाचा दर्जाही हातचा जातो. चौदा वर्षे करून सुटलेल्या सहकाऱ्याला जे मिळाले, ते त्याच्याहून अधिक सेवा केलेल्याला मिळत नाही. हे अन्यायाचे वाटले तरी नियमांचा आधार सेवा किती झाली एवढाच नसून ती कोणत्या कारणाने संपली हाही आहे. वीस वर्षांनंतर स्वेच्छेने निघणाऱ्यानेही एक गोष्ट तपासावी : ७ नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने यापुढे स्वतःच्या विनंतीवरून निवृत्त होणाऱ्यांना ‘वन रँक वन पेन्शन’मधून (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) वगळले आणि तो मुद्दा नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत गेला.

एअरलाइनच्या बाजूने मात्र घाईला कारण आहे. तिथली ज्येष्ठता रुजू झालेल्या तारखेपासून धरली जाते. विंग कमांडर म्हणून निघालेला अधिकारीही सहसा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणूनच सुरुवात करतो, आणि व्यावसायिक उड्डाणाची वयोमर्यादा ६५ आहे. सदतिसाव्या वर्षी गेलेल्यापाशी २८ वर्षे असतात, तर बेचाळिसाव्या वर्षी गेलेल्यापाशी २३. तरीही सेवेच्या सतराव्या वर्षाला असलेल्याने उरलेली तीन वर्षे काढावीत, असे माझे मत आहे. एअरलाइनची भरती तेजीमंदीप्रमाणे वाढते किंवा थांबते, जेट आणि किंगफिशर यांसारख्या कंपन्या तर बंदच पडल्या. पेन्शनचे तसे होत नाही.

परवान्याची तयारी दोन्ही वाटांवर सारखीच असते, आणि तिथे सर्वांत आधी उघडावे लागते ते लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही. सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) २०० आणि एटीपीएलला (एअरलाइनच्या कॅप्टनसाठीचा वरचा परवाना) १५०० तास लागतात, पण एकूण बेरीज पुरत नाही. रात्रीचे, उपकरणांवरचे, कमांडमधले (मुख्य वैमानिक म्हणून केलेले) आणि क्रॉस-कंट्रीचे (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी नेणाऱ्या उड्डाणांचे) तास वेगळे दाखवावे लागतात. वाहतूक विमानांवरच्या वैमानिकाचे हे रकाने सहज भरलेले असतात. लढाऊ वैमानिकाचे एकेक उड्डाण तासाभराचे असल्याने त्याची बेरीज संथ वाढते, आणि हेलिकॉप्टरचे सगळेच तास विमानाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. नोंदी युनिटकडून प्रमाणित करून घेणे, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) परीक्षा आणि वैमानिकांसाठीची क्लास वन वैद्यकीय तपासणी ही कामे, आवश्यक त्या परवानग्या घेऊन, सेवेत असतानाच हाती घ्यावीत. शॉर्ट सर्व्हिसवाल्याने ती सेवेच्या बाराव्या वर्षाच्या आसपास सुरू करावीत. पर्मनंट कमिशनवाल्याने अर्ज करण्याच्या आधी.