चिमटे, वाती, कणीक: ऑक्युपेशनल थेरपीत घरातलं सामान आलं कुठून?

पुण्यात मुलाला किंवा स्ट्रोक झालेल्या आजोबांना ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे ओटीला (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून कामातूनच दिली जाणारी थेरपी) नेलं की होम प्रोग्रॅम, म्हणजे घरी करायच्या गोष्टींची यादी मिळते आणि त्यात काय असतं तर कपड्यांचे चिमटे लावा-काढा, मटार सोला, वाती वळा, राजम्याच्या डब्यात लपवलेली बटणं न बघता शोधा (तोंडात घालणारं मूल असेल तर हे नकोच). मग घरात कोणीतरी म्हणतंच, एवढी फी भरून हेच करायचं होतं का? खरी थेरपी म्हणजे सेंटरमधले झोके, बॉल पूल, रंगीत किट, बाकी सगळी भागवाभागवी असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात घरचं सामान आधी आलं, किट नंतर.

अमेरिकेत सुझन ट्रेसी नावाच्या नर्सने १९१० मध्ये या विषयावर पुस्तकच काढलं, अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकच हात चालणाऱ्या पेशंटला साध्या सामानातनं कुठलं हातकाम देता येईल असं. जॉर्ज बार्टन तर आर्किटेक्ट, टीबी झालेला, पायाचा काही भाग कापलेला, वर डावी बाजू लुळी. तो सुतारकाम आणि बागकाम करत सावरला आणि मार्च १९१७ मध्ये त्याच्याच घरी, न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्जला, ओटीची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. म्हणजे या पेशाचा जन्मच करवत, कुदळ आणि सुईदोऱ्यात.

त्याच १९१७ मध्ये मुंबईत पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या भारतीय सैनिकांना हातकौशल्यं शिकवायला क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, जे पुढे आपल्या खडकीला आलं आणि अजून आहे. ती काही ओटी नव्हे, पण विचार शेजारचाच.

भारतात ओटी रीतसर आणली कमलाबाई निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी, लग्न करून इकडच्या झाल्या, फिलाडेल्फियाला ओटी शिकल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये कॉलेज सुरू केलं, आशियातलं पहिलं. १९५२ मध्ये ओटीचं जागतिक फेडरेशन झालं तेव्हा स्थापनेपासूनच्या दहा देशांत भारत होता, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं.

मग किट कुठनं आली? विसाव्या शतकाच्या मध्यात डॉक्टर लोक मोजमाप मागायला लागले, टोपल्या विणून हात किती सुधारला ते दाखवा म्हणाले, आणि ओटीवाल्यांनाही ‘टोपल्या विणणारे’ हा शिक्का नकोसा झालेला. पेगबोर्ड (भोकांत खुंट्या बसवायची पाटी), पुटी (दाबायला-ओढायला मातीसारखा गोळा), ठरावीक वजनं आली. गंमत म्हणजे १९४८ चा पर्ड्यू पेगबोर्ड मुळात कारखान्यात कामगार निवडायला केलेला. पुढे जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टच्या सेन्सरी इंटिग्रेशनच्या, म्हणजे स्पर्श, तोल अशा संवेदनांचा मेंदूत मेळ घालण्याच्या कामातनं झोके आले. यातलं काही वाईट नाही, मोजता येणं मोठी सोय आहे.

पण वात वळताना अंगठा आणि तर्जनी जे करतात तेच पेन्सिल धरताना लागतं. कणीक सैल ते घट्ट करत नेली की पुटीच झाली, आणि वर पोळ्याही होतात. चकलीच्या सोऱ्याला दोन्ही हातांचा जोर लागतो. चमचा धरता येत नसेल तर दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करायचा, किंवा तुळशीबागेत जाऊन जाड मुठीचा बघायचा. वस्तू फुकट असली तरी कुठली, किती वेळ, कुठल्या उंचीवर ठेवून, हे ठरवणं फुकट नाही. फी त्याचीच.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सेंटरं बंद झाली, सेशन व्हिडिओवर गेली आणि थेरपिस्टला विचारावंच लागलं, घरात आहे काय? तेव्हापासून हे सगळं परत जोरात आलंय. माझी एक तक्रार आहे, यादी बहुतेक वेळा स्वयंपाकघरातलीच असते म्हणून मग काम आईच्याच गळ्यात पडतं. शिवाय आयुष्यात ओट्याजवळ न फिरकलेल्या आजोबांना कणीक मळा म्हटलं तर ते दुसऱ्या दिवशी नाही म्हणणारच. त्यांना कुलूप-किल्ली द्या, स्कूटरचे नटबोल्ट द्या, पेपराच्या घड्या, बँकेच्या स्लिपा द्या, बोटांचा व्यायाम तितकाच होतो.