भिंतीला सुकायला वाट हवी

वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेतलं आमचं आजोळ रस्त्यावरून अरुंद दिसतं, पण आत शिरलं की लांबच लांब. ओटी, माजघर, चौक, न्हाणी, मागे विहीर. घर कधी बांधलं याचा कागद कुणाकडे नाही, तरी छपराकडे बघून थोडा अंदाज येतो. मागच्या पडवीवर अजून कुंभाराचे नळे, म्हणजे हाताने घडवलेली अर्धगोल कौलं आहेत, पुढच्या बाजूला मंगलोरी कौलं. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचा कौलांचा कारखाना 1865 साली सुरू झाला, त्यामुळे पुढचं छप्पर त्याच्या आधीचं असूच शकत नाही. नळ्यांचं छप्पर दर उन्हाळ्यात परतावं लागे. खाचा एकमेकींत अडकणाऱ्या मंगलोरी कौलांनी ती मेहनत पुष्कळ कमी केली.

पण या घराने मला शिकवलं ते छपराने नव्हे, भिंतीने. वीसएक वर्षांपूर्वी ओटीच्या भिंतीला लोणा (ओलीबरोबर फुटणारं मीठ) लागला, चुना पापुद्र्यांनी गळू लागला. मामांनी मायेपोटी सगळं खरवडून सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळे भिंत छान दिसली. मग ओल वर चढू लागली. आधी गुडघ्यापर्यंत असलेला डाग खिडकीच्या चौकटीपर्यंत गेला आणि तुळईचं भिंतीतलं टोक भुसभुशीत झालं.

असं का झालं हे कळायला आधी भिंतीतला चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा तासलेला ठोकळा, समजून घ्यावा लागतो. बेसाल्टवर लाखो वर्षं पाऊस पडला, त्यातलं सिलिका आणि कॅल्शियम धुऊन गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं; तो आपला जांभा. फ्रान्सिस बुकाननने केरळात हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन नावावरून त्याला लॅटराइट म्हटलं. खाणीतून नुकताच काढलेला चिरा तासायला सोपा असतो. हवा लागून सुकला की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होतात आणि तो कडक बनतो. मात्र तो सच्छिद्रच राहतो. मोठी भोकं डोळ्यांना दिसतात, पण पाणी वर ओढतात ती न दिसणारी बारीक छिद्रं. छिद्र जितकं अरुंद, तितकं पाणी उंच चढतं. जोत्यातून भिंतीत ओल येणं कोकणात टळत नाही. जुन्या गवंड्यांनी ती अडवण्याचा हट्ट धरला नाही, तिला बाहेर पडायला जागा ठेवली. ती जागा म्हणजे चुना.

आपल्या किनाऱ्यावर चुना बहुधा शिंपल्यांचा. भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला शिंपला भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. 100 किलो शुद्ध शिंपल्यांमागे 56 किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवताना पाणी उकळतं. पुढे भिंतीवर बसल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि रसायनाच्या भाषेत पुन्हा शिंपला होतो! 1664 ते 1667 या काळात बांधलेल्या सिंधुदुर्गावर महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवतात, तेही चुन्यातच उमटलेले.

असा गिलावा बारीक छिद्रांचा असतो, ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटच्या कडक थरातून ती फार कमी सुटते, म्हणून सुटायला जागा शोधत वर चढते. आणि ती एकटी नसते, सोबत मीठ असतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओलावा शोषून विरघळतं, खाली आली की त्याचे स्फटिक बनतात. पावसाळ्यात विरघळायचं, थंडीतल्या कोरड्या दुपारी स्फटिक व्हायचं, असं वर्षानुवर्षं चालतं. वाढणारा स्फटिक छिद्राच्या भिंती आतून रेटतो. गिलावा चुन्याचा असेल तर मीठ बहुतेक त्याच्याच पृष्ठभागावर फुटतं. चुना झडतो, चिरा वाचतो. म्हणजे मामांनी बिघाड समजून खरवडला तो चुना खरं तर आपलं काम करत होता. सिमेंटखाली मात्र मीठ चिऱ्यातच फुटतं. आम्ही सिमेंट काढलं तेव्हा मागचा चिरा बोटाने उकरता येत होता.

दुरुस्तीला आलेल्या मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी भिंतीवर तळवा ठेवून सांगितलं, “भिंतीक सुकाक वाट व्हयी.” त्यांच्या सांगण्यावरून सिमेंट उतरवून भिंत दिवाळीपासून पुढच्या मेपर्यंत उघडी ठेवली. वर येणारं मीठ पाण्याने धुतलं नाही, कारण धुतलं की ते विरघळून परत आत जातं. कोरड्या कुंच्याने झाडून सुपात गोळा केलं. सडलेले चिरे बदलले, तुळईचं टोक कापून सागाचा तुकडा जोडला. मग नदीच्या वाळूत (समुद्राची वाळू म्हणजे पुन्हा मीठ!) कालवलेल्या चुन्याचे पातळ थर एकावर एक दिले आणि त्यांच्यावर ओली गोणपाटं टांगली. कोरड्या पडलेल्या चुन्याला हवेतला वायू धरता येत नाही, म्हणून ही गोणपाटं. ज्यांना पंधरा दिवसांत घर नवं हवं असतं त्यांना हे कंटाळवाणं वाटेल. मला तरी यातली एकही पायरी गाळण्यासारखी वाटली नाही.

काम झाल्यावर महिन्याभराने मी कोपऱ्यातला एक टवका काढून त्याच्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला. हवेतला वायू अजून न धरलेला कच्चा चुना या थेंबाने गुलाबी होतो, तो धरून पिकलेला होत नाही. बाहेरची नखाएवढी कड पांढरीच राहिली, आतला भाग लख्ख गुलाबी झाला. माजघराच्या जुन्या गिलाव्यावर थेंब टाकला तर कुठेच रंग आला नाही. त्या तुकड्यात अर्धवट भाजलेली शिंपल्याची एक चीप होती, तिच्यावरच्या रेघासुद्धा अजून दिसत होत्या.